क्षारपड रानात दोन मके: एक कमरेला, एक गुडघ्याला पण नाही

शिरोळचा_मळेकरी
मंडळी, आमची कृष्णाकाठची काळी. वर्षानुवर्षं ऊस आणि मोकाट पाणी, त्यामुळं खालच्या वीस गुंठ्यांत उन्हाळ्यात चुना सांडल्यागत पांढरं फुटतं. यंदा ऊस मोडून मका टोकला. पाण्याच्या चारीकडच्या खालच्या निम्म्यात दुकानातलं संकरित, वरच्या निम्म्यात म्हशींसाठी आफ्रिकन टॉल, म्हणजे वैरणीचा मका. उगवण दोन्हीची चांगली. आता दीड महिना झाला, तर संकरिताची खालची पानं कडेनं भाजल्यागत, रोप गुडघ्याला पण नाही. आफ्रिकन टॉल कमरेला. भाऊ म्हणतो बियाणं बोगस, वडील म्हणतात पाणी कमी पडलं. ओल तर मोडूच दिली नाही. माती तपासली: सामू (पीएच) ८.१, ईसी म्हणजे क्षाराचं माप १.५ डेसीसायमन. मग क्षार जास्त म्हणायचे का नाही?

माती_बघा_आधी
तो १.५ आकडा फसवा आहे, दादा. आपल्याकडं बहुतेक एक भाग माती, अडीच भाग पाणी करून ईसी मोजतात. पुस्तकातली मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती जेमतेम चिखल होईल इतकीच भिजवून काढलेल्या पाण्याची असते, त्यात तुमचा आकडा सहज दुप्पट-तिप्पट निघेल. मका १.७ डेसीसायमनपर्यंतच तग धरतो. पुढं दर एका डेसीसायमनला साधारण १२ टक्के उत्पन्न जातं.

मिठामुळं ओल असूनही मूळ पाणी ओढू शकत नाही. पुढं सोडियम पानात साचून कडा करपतात. जो वाण सोडियम मुळातच अडवतो आणि पोटॅश धरून ठेवतो, तो हिरवा राहतो. वाणावाणांत हा फरक खरा आहे. पण तुमची तुलना काही खरी नाही. एक वाण चारीकडं, दुसरा वर! शिवाय वैरण कापून म्हशीपुढं गेली की कणीस किती भरलं असतं, ते कोण बघतंय?

बांधावरचा
वरंब्याच्या माथ्यावर टोकला का? पाणी सुकताना मीठ माथ्यावरच चढतं. बगलेत टोकायचा. आणि सोडियमचं प्रमाण तपासल्याशिवाय जिप्समच्या गोण्या आणू नका, ते चोपणाचं, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेल्या रानाचं औषध. आधी निचऱ्याचा चर काढा. ती ‘मोडू न दिलेली ओल’च मीठ वर आणतेय.

शिरोळचा_मळेकरी
टोकला माथ्यावरच. आज सकाळी टेप घेऊन गेलो. संकरिताच्या वरच्या दोन सऱ्या आफ्रिकन टॉलला खेटून आहेत, त्या मांडीला लागल्यात, पानंही हिरवी. चारीकडं जाईल तसा मका बुटका. भावाला फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही.