मदत हवी आहे: कवडीपाटावर हिवाळ्याच्या सकाळी काढलेली छायाचित्रे धूसर का येतात?

काठावरची (धागाकर्ती):

नमस्कार. मी पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी भागात राहते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर पक्षी पाहण्याच्या जुन्या छंदाला मी छायाचित्रणाची जोड दिली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे लांबचे प्रवास मला झेपत नाहीत, म्हणून घरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांच्या आत जे दिसेल तेच नीट टिपावे, असे ठरवले आहे. आणि सोलापूर रस्त्यालगतच्या कवडीपाटावर हिवाळ्यात जे दिसते ते पाहता यात मी फार मोठा त्याग केला आहे असे मुळीच नाही. मुळा-मुठेच्या त्या पाण्यात शहराचा सगळा मैला आणि फेस वाहत असला, तरी डिसेंबरमध्ये चक्रवाकांच्या जोड्या तिथे उतरतात, शेकाट्या आणि मोर शराटी उथळ पाण्यात चरतात, धोबी दगडादगडांवर शेपट्या हलवत फिरतात, आणि बंधाऱ्याच्या अलीकडे बाभळींखालच्या दगडांच्या राशीत एक मुंगूस राहते.

माझ्याकडे निकॉन डी ७५०० हा कॅमेरा आणि २००-५०० मिमीची एफ/५.६ लेन्स आहे. लेन्सचेच वजन सव्वादोन किलोच्या वर असल्याने मी एकपायी स्टँड वापरते. शटरचा वेग १/१६०० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/५.६ आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, स्वयंचलित ठेवते. पहाटे तो ३२०० ते ६४०० पर्यंत चढतो. सकाळी सातच्या सुमारास पलीकडच्या काठाजवळ, अंदाजे साठ-सत्तर मीटरवर बसलेल्या चक्रवाकांची जी छायाचित्रे येतात, त्यांत डोळा कधीच रेखीव दिसत नाही. पिसांच्या जागी मऊ, पुसल्यासारखा नारिंगी रंग येतो. केवळ आयएसओमुळे येणारे दाणे असते तर मी ते मान्य केले असते, पण हे दाणे नव्हेत. याच लेन्सने घराच्या गच्चीवरून काढलेले बुलबुल मात्र उत्तम येतात, आणि कवडीपाटावरच दहाच्या सुमारास आठ मीटरवरच्या धोब्याची पिसे मोजता यावीत इतकी स्वच्छ आली होती. एका विक्रेत्याने लेन्स बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानण्यापूर्वी आपणा जाणकारांना विचारावे, असे वाटले.

आणखी दोन शंका आहेत. पांढऱ्या बगळ्यांचा पांढरा रंग पूर्ण जळून जातो आणि धुक्यातील छायाचित्रे उलट काळवंडतात. यावर एकच उपाय आहे का? आणि ते मुंगूस मी कॅमेरा उचलताच दगडांत नाहीसे होते. खाली बसणे किंवा आडवे होणे मला शक्य नसताना त्याच्या जवळ कसे जावे?

नदीकाठचा तांबट:

लेन्सविषयी मत देण्यापूर्वी एक विचारतो. एकाच बसलेल्या पक्ष्याची सलग दहा-बारा छायाचित्रे आपल्याकडे आहेत का? असल्यास ती शंभर टक्के मोठी करून एकापाठोपाठ एक पाहा आणि सर्व सारखीच धूसर आहेत की प्रत्येक वेगळ्या प्रकारे धूसर आहे, तेवढे सांगा. तसेच कॅमेऱ्याची पिशवी घरातून काठापर्यंत कशी नेता, तेही कळवा.

काठावरची:

आपण म्हणता तशी मालिका सापडली. गंमत म्हणजे बारांपैकी एकही दुसऱ्यासारखे नाही. एकात चोच वाकडी झाल्यासारखी दिसते, दुसऱ्यात पाठीची कड दुहेरी आहे, आणि नववे छायाचित्र इतरांच्या मानाने बरेच स्पष्ट आहे. पक्षी तर झोपेतच होता. पिशवीविषयी सांगायचे, तर पहाटे थंडी असते म्हणून गाडीच्या काचा बंद ठेवून हीटर लावते आणि पिशवी शेजारच्या आसनावर, शालीत गुंडाळून ठेवते.

नदीकाठचा तांबट:

मग लेन्स बदलू नका. फोकसचा दोष असता, तर सर्व छायाचित्रे सारखीच बिघडली असती आणि पक्ष्याच्या पुढचा किंवा मागचा एखादा दगड तरी रेखीव आला असता. हात हलला असता, तर सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या असत्या. प्रत्येक छायाचित्र निराळ्या रीतीने वाकडे असणे, ही मधल्या हवेची करणी आहे.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना आपण पाहतो, परंतु तोच प्रकार थंडीच्या पहाटे पाण्यावरही घडतो, हे सहसा ध्यानात येत नाही. रात्री हवा झपाट्याने थंड होते, नदीचे पाणी मात्र आपली ऊब धरून ठेवते. त्यामुळे पाण्यालगतची कोमट, दमट हवा वर सरकते आणि थंड हवेत मिसळते. पाण्यावरून उठणाऱ्या ज्या वाफेसाठी आपण पहाटे धावत जातो, ती याच मिसळण्याची दृश्य खूण आहे. कमी-अधिक घनतेच्या या थरांतून येणारा प्रकाश सतत किंचित वाकत राहतो, आणि ५०० मिमीची लेन्स सत्तर मीटरवरून ते सारे वाकणे मोठे करून दाखवते. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने दृश्याची कक्षा ७५० मिमीच्या लेन्सइतकी अरुंद होते, म्हणून ते अधिकच जाणवते. शटर कितीही वेगवान केले तरी ते वाकणे थांबत नाही. धोबी आठ मीटरवर होता, म्हणून तो वाचला.

यात भर पडते ती आपल्या शालीची. उबदार गाडीतून काढलेली लेन्स थंडीत आणली, की तिच्या नळीतील आणि पुढच्या हुडमधील (ऊन अडवणाऱ्या कड्यातील) हवा काही काळ अशीच खळबळत राहते. पिशवी मागच्या डिकीत ठेवा, हीटर वापरू नका, आणि काठावर पोहोचल्यावर लेन्स उघड्या हवेत अर्धा तास तरी राहू द्या. सूर्य पाठीशी असेल तोवर हुडही काढून ठेवायला हरकत नाही. त्या अर्ध्या तासात चहा घ्यावा, हा माझा पदरचा सल्ला.

तरीही शंका उरली, तर घरी पंधरा मीटरवर वर्तमानपत्र लावून एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा मागच्या पडद्यावरून फोकस करून पाहा. दोन्हींत फरक दिसला, तर डी ७५०० मध्येच फोकसचे सूक्ष्म समायोजन करण्याची सोय आहे. त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

बगळ्याच्या प्रश्नाला एकच उपाय नाही, कारण दोन्ही वेळी कॅमेरा वेगवेगळ्या गोष्टीने फसतो. गडद पाण्याने बहुतेक फ्रेम व्यापलेली असली, की तो दृश्य उजळवतो आणि बगळा जळतो; तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी कमी करा. धुक्याची सगळी फ्रेमच पांढुरकी असल्याने तो ती राखाडी करू पाहतो. तिथे अर्धी ते एक पायरी वाढवा. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्या आणि पहिले घेताच हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला नाही ना, ते पाहून घ्या.

माळावरचा गप्पीदास:

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एवढेच म्हणेन की यावरचे खरे औषध अंतर कमी करणे हेच आहे, आणि ते आपण चालून कमी करायचे नसते. पक्षी येण्याआधी आपण तिथे असलो, की तेच ते कमी करतात. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सात वाजून पाच-सात मिनिटांनी होतो, म्हणून साडेसहाला जागेवर बसलेले असावे. सोलापूर रस्त्याकडचा काठ दक्षिणेचा आहे आणि या दिवसांत सूर्य आग्नेयेला उगवतो. तेव्हा वायव्येकडे, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून बसल्यास ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडते. घाईही नको. डिसेंबरअखेरीस पुण्यात भर माध्यान्हीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे उन्हाळ्यात आठ वाजता संपणारा तिरका प्रकाश आता साडेनऊपर्यंत पुरतो आणि तोवर पाण्यावरची वाफही विरलेली असते. चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते, असे आपली जुनी कविता सांगते. पहाटे ते एकमेकांना हाका घालताना ऐकू आले, तर कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवायला हरकत नाही.

मुंगसासाठी आडवे होण्याची गरज नाही. गाडी त्या बाभळींजवळ नेता येत असेल, तर तीच उत्तम आडोसा आहे. दार न उघडता, इंजिन बंद करून बसले, तर प्राणी तिला लवकरच दगडासारखे गृहीत धरतात. जुन्या जीनच्या पायात तीन-चार किलो ज्वारी भरून दोन्ही टोके शिवा आणि ती खिडकीच्या अर्ध्या काचेवर ठेवा. एकपायी स्टँडपेक्षा लेन्स अधिक स्थिर राहते. गाडी जात नसेल, तर वीतभर उंचीचा पाट किंवा मासेमारीचे घडीचे स्टूल न्यावे आणि मळकट रंगाची चादर खांद्यावरून घ्यावी. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे; ऊन दगडांवर आले, की ते अंग शेकायला बाहेर येते आणि रोज साधारण त्याच कडेकडेच्या वाटांनी फिरते. एक सकाळ कॅमेऱ्याविना त्या वाटा पाहण्यात घालवावी. शेपटीचे टोकही नोंदवा: ते फिकट असेल तर राखी मुंगूस, काळे आणि वर वळलेले असेल तर तांबूस.

त्याला बाहेर काढण्यासाठी अंडे किंवा शेव-फरसाण मात्र टाकू नका. खाणे टाकले, की आठवड्यात तिथे भटकी कुत्री जमतात आणि मग मुंगूसही दिसत नाही आणि काठावरचे टिटवीचे कुटुंबही नाही. आपण सासवड-जेजुरीच्या माळांकडे कधी गेलात, तर तिथेही हेच पथ्य पाळावे. थंडीचे दिवस लांडग्यांच्या पिल्लांचे असतात, आणि खोकडांच्या (माळावरच्या कोल्ह्यांच्या) जोड्या याच काळात जमून पुढे पन्नासएक दिवसांत मादी विते. बिळापाशी गाड्या थांबू लागल्या, की मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते. प्राणी पाहायचेच असतील, तर सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य बरे. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, चिंकारे गाडीतूनच दिसतात आणि गुडघ्यांना त्रास होत नाही.

काठावरची:

दोन रविवार आपल्या सूचनांनुसार गेले, त्याचा वृत्तांत देत आहे. पहिल्या रविवारी पिशवी डिकीत ठेवली, हुड काढला आणि चहा घेतला; सात वाजताची छायाचित्रे तरीही पूर्वीसारखीच वाकडीतिकडी आली, पण साडेआठनंतरची त्याच अंतरावरची छायाचित्रे पाहून माझा माझ्यावर विश्वास बसेना. म्हणजे पहाट वाफेसाठी आणि तपशील नंतरच्या उन्हासाठी, अशी वाटणी मी आता केली आहे. पहाटे ५०० मिमीचा अट्टाहास सोडून २०० वर येते आणि वाफेत उभ्या शेकाट्या केवळ छायाकृती म्हणून टिपते. वर्तमानपत्राची चाचणीही केली. फरक आढळला नाही, तेव्हा लेन्स निर्दोष आहे.

दुसऱ्या रविवारी साडेसहापासून पाटावर बसले. सव्वासातला नदी सुरय डोक्यावरून गेला आणि आठच्या सुमारास चक्रवाकांची जोडी माझ्यापासून पंचवीस मीटरवर आली. मी हलले नाही, कारण पाय इतके आखडले होते की मला हलताच येत नव्हते. नराचा डोळा स्वच्छ आला आहे. मागे मात्र बाभळीच्या फांदीला अडकलेली निळी प्लास्टिकची पिशवीही तितकीच स्वच्छ आली आहे. ती संगणकावर पुसावी का, यावर घरात दोन मते आहेत.

नदीकाठचा तांबट:

नोंद म्हणून ठेवत असाल, तर पुसू नका. कवडीपाटाचा चक्रवाक पिशवीसकटच कवडीपाटाचा आहे. भिंतीवर लावण्यासाठी पुसलीत, तर खाली तसे लिहा. आणि मुंगसाचे काय झाले?

काठावरची:

पिशवी राहू देते. मुंगूस पावणेनऊला दगडावर आले, चार मिनिटे ऊन खात बसले आणि ज्वारीच्या पिशवीवरून मी त्याची तीस छायाचित्रे घेतली. चेहरा, नखे, पाठीवरचे करडे केस, सारे काही आले आहे. फक्त उत्साहाच्या भरात सर्व तीसही छायाचित्रांत शेपटीचे टोक चौकटीबाहेर राहिले, त्यामुळे ते राखी की तांबूस हे सांगता येत नाही. पुढच्या रविवारी लेन्स ४०० वर ठेवणार आहे.