मुतखडा: काढायचा कसा, किती बैठकांत, आणि मागे काय उरतं?

धागा उघडताना

मुतखड्याचा रिपोर्ट हातात पडला की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘भरपूर पाणी पी, पडून जाईल’ म्हणणारा आणि ‘दुर्बिणीने काढून टाक, कटकट नको’ म्हणणारा, दोघंही आपापल्या खड्यापुरते बरोबर असतात. पण मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला 4 मिमीचा खडा आणि किडनीच्या खालच्या कप्प्यात ठाण मांडून बसलेला 14 मिमीचा खडा हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत. पहिला बहुतेकदा काहीही न करता पडतो आणि त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे काही घेतलं असेल त्याला मिळतं.

म्हणून इथे ‘माझं काय झालं’ नको. ज्यांचं रोज खड्यांशीच काम पडतं त्यांनी लिहावं: नेमकं काय करतात, कुठे बिनसतं, का बिनसतं.

सीटी विभागातून

उपचारांची तुलना करण्याआधी रिपोर्टमधल्या चार गोष्टी शोधा: खड्याचा आकार, जागा, घनता आणि किडनीला सूज आहे का.

सोनोग्राफी सुरुवातीला ठीक. पण ती लहान खडा असतो त्याहून मोठा दाखवते, आणि मूत्रवाहिनीचा (किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळीचा) मधला भाग आतड्यातल्या हवेमागे लपतो. ‘किडनीला सूज आहे, खडा दिसत नाही’ असा रिपोर्ट आला तर खडा तिथेच कुठेतरी असण्याची शक्यता मोठी. औषध न टोचता केलेला सीटी (प्लेन सीटी केयूबी) याचं उत्तर देतो. खड्यासाठी कमी डोसचा (कमी किरणांचा) सीटी पुरतो, तो मागून घ्या.

घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात, रिपोर्टमध्ये ‘एचयू’ लिहिलेलं असतं. 500 च्या खाली असेल तर खडा युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता, म्हणजे कदाचित औषधानेच विरघळेल. 1000 च्या वर असेल तर बाहेरून लहरी मारून फोडणं अवघड. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल तर विचारा, मोजायला मिनिटभरही लागत नाही. त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतरही मोजून घ्यावं. ते 10 सेंमीच्या पुढे गेलं की लहरी पोचेपर्यंत बोथट होतात.

हमखास होणारी चूक: ओटीपोटातल्या शिरांमध्ये चुन्याचे गोल कण साठतात, ते मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकातल्या खड्यासारखेच दिसतात. खडा असेल तर त्याभोवती मूत्रवाहिनीच्या सुजलेल्या भिंतीचं कडं दिसतं आणि वरची नळी फुगलेली असते. दोन्ही नसेल तर घाई करू नये.

तातडीच्या कक्षातून

कळ आली की पहिलं औषध डायक्लोफेनॅकच्या जातीचं. ते नुसतं दुखणं दाबत नाही, किडनीतला ताणही उतरवतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल, जठरात व्रण असेल किंवा गर्भारपण असेल तर ते टाळून पॅरासिटामॉल शिरेतून देतात. ऐन कळेत तांब्यावर तांब्या पाणी रिचवू नका. तुंबलेल्या नळीवरचा दाब वाढतो, खडा काही ढकलला जात नाही. सलाईनच्या बाटल्या चढवूनही खडा लवकर पडत नाही. उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तरच त्यांचा उपयोग.

मूत्रवाहिनीत 10 मिमीपर्यंतचा खडा आहे, ताप नाही, किडनी ठीक आहे, दुखणं गोळीने आवरतं, अशा वेळी चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. सोबत मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी, टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम रोज एक. तिचा खरा उपयोग खालच्या टोकातल्या 5 ते 10 मिमीच्या खड्याला. त्याहून बारीक खडा तसाही पडतो. चक्कर येऊ शकते, पुरुषांत वीर्य कमी पडल्यासारखं वाटतं, गोळी थांबली की पूर्ववत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी घेत असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, बाहुली ढिली पडते.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: खडा अडकलेला आणि थंडी वाजून ताप हे वाट पाहण्याचं प्रकरण नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि ते तासांत रक्तात उतरतात. अशा वेळी खडा काढायला जात नाहीत. आधी आतून स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची मऊ नळी) किंवा पाठीतून नळी घालून किडनी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात, खड्याचं पुढे बघतात. एकच किडनी असेल, दोन्ही बाजू अडल्या असतील किंवा लघवीच बंद झाली असेल तरी तसंच.

दुसरे डॉक्टर, वरच्याला जोडून

दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. नळी अडकलेलीच राहिली तरी काही दिवसांत कळ शांत होते आणि किडनी मुकाट्याने खराब होत जाते. खडा हातात आला नसेल तर तपासणी पुन्हा झालीच पाहिजे.

लिथोट्रिप्सीच्या मशीनवरून

बाहेरून लहरी मारून खडा फोडायचा प्रयोग माणसावर 1980 मध्ये म्युनिकला पहिल्यांदा झाला. मशीन बदलली, तत्त्व तेच. चिरा नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पण आम्ही खडा *काढत* नाही, फोडतो. तुकडे लघवीतून खाली येणं तुमच्या नळीवर अवलंबून. जाहिरातीत हेच वाक्य गाळलेलं असतं.

चांगलं फुटण्यासाठी: वेग मिनिटाला 60 ते 90 लहरी. 120 ने मारलं की काम लवकर उरकतं, पण खडा कमी फुटतो, कारण आधीच्या लहरीचे बुडबुडे पुढच्या लहरीला आडवे येतात. ताकद हळूहळू चढवायची, त्याने किडनीलाही कमी इजा होते. एका बैठकीत साधारण 2000 ते 3000 लहरी. शरीर आणि मशीनची उशी यांच्यामध्ये जेल लागतं, ते बाटलीतून एकगठ्ठा ओतावं. हाताने चोपडलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि लहर तिथेच परतते. दुखलं की रुग्ण जोरात श्वास घेतो, खडा वरखाली होतो आणि नेम चुकतो. म्हणून वेदनाशामक नीट द्यायला हवं, शौर्य दाखवायची ही जागा नव्हे.

चालत नाही तिथे: गर्भारपण, न आवरलेला रक्तस्रावाचा दोष किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं, न उतरलेला जंतुसंसर्ग, खड्याच्या खाली नळी अरुंद असणं. सिस्टिनचे आणि कॅल्शियम ऑक्सलेट मोनोहायड्रेटचे खडे चिवट, लवकर तुटत नाहीत. खालच्या कप्प्यातला खडा फुटला तरी चुरा वर चढून बाहेर येत नाही, तिथेच बसतो.

मोठा खडा फोडला की तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत एकामागोमाग अडकू शकते, मग कधी कधी दुर्बीण घालावी लागते. दोन बैठकांत काहीच फरक नसेल तर तिसरीचा आग्रह आम्ही तरी धरत नाही.

शस्त्रक्रियागृहातून (दुर्बीण आणि लेझर)

इथे दोन दुर्बिणी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. ताठ दुर्बीण मूत्रवाहिनीतल्या खड्याला. लवचिक दुर्बीण वळून किडनीच्या कप्प्यांत जाते, तिलाच आरआयआरएस म्हणतात, साधारण 2 सेंमीपर्यंतच्या खड्याला. दोन्ही लघवीच्या वाटेनेच, चिरा नाही.

आधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी). त्यात जंतू असताना दुर्बीण घातली तर आत सोडलेल्या पाण्याचा दाब त्यांना थेट रक्तात ढकलतो. मोठा खडा एका दमात संपवण्याच्या नादात वेळ लांबला तरी हाच धोका. त्यापेक्षा दुसरी बैठक परवडते.

क्रम असा: मूत्राशयातून सुमारे 0.9 मिमी जाडीची तार किडनीपर्यंत सरकवायची. ती शेवटपर्यंत जागेवर राहते, काही बिनसलं तर तिच्यावरूनच स्टेंट जातो. आरआयआरएसमध्ये बहुधा एक पोकळ वाट-नळी बसवतात, आतून 12 आणि बाहेरून 14 फ्रेंच वगैरे (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी). नळी अरुंद असेल तर ती जात नाही. जबरदस्ती करायची नाही. मूत्रवाहिनी फाटते. स्टेंट ठेवून एक-दोन आठवड्यांनी परत यायचं, तोवर नळी सैलावते. रुग्णाला वाटतं ऑपरेशन फसलं. खरं तर तेव्हाच ते नीट झालेलं असतं.

लेझरचे दोन हिशेब. कमी ऊर्जा आणि जास्त वेग (0.3 ज्यूल, 20 हर्ट्झ किंवा पुढे) म्हणजे खड्याचं पीठ, जास्त ऊर्जा आणि कमी वेग (1 ज्यूल, 8 ते 10 हर्ट्झ) म्हणजे तुकडे, मग ते जाळीच्या टोपलीने बाहेर काढायचे. पीठ केलं की टोपलीच्या फेऱ्या वाचतात, पण थोडा चुरा मागे राहतो. खालच्या कप्प्यातला खडा आधी टोपलीने वरच्या कप्प्यात नेऊन फोडला तर दुर्बीण कमी वाकवावी लागते. लेझरचा तंतू घालताना दुर्बीण सरळ हवी. वाकलेल्या दुर्बिणीत रेटला की आतली वाहिनी आतूनच भोसकली जाते, आणि दुर्बीण दुरुस्तीला.

पीसीएनएल (पाठीतून छिद्र करून खडा काढणं) करणाऱ्यांकडून

2 सेंमीच्या वर किंवा सगळ्या कप्प्यांत फांद्या फुटलेला खडा असेल तर पाठीतूनच. पाठीच्या बाजूने सुई किडनीच्या कप्प्यात, सुईवरून तार, तारेवरून वाट रुंद करत जायची: नेहमीच्या पद्धतीत 24 ते 30 फ्रेंच, मिनी पद्धतीत साधारण 14 ते 20. सुई कप्प्याच्या टोकातून आत गेली पाहिजे. दोन कप्प्यांच्या मधून किंवा कप्प्याच्या अरुंद मानेतून गेली तर मोठी रक्तवाहिनी वाटेत येते. निम्मं ऑपरेशन त्या एका सुईत असतं.

एका बैठकीत खडा साफ होण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त, धोकाही सर्वांत जास्त: रक्तस्राव, ताप, आणि सुई बाराव्या बरगडीच्या वरून गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा. घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी अचानक लालभडक, गुठळ्यांची लघवी झाली तर फोनवर सल्ला मागत बसू नका. जखमी धमनीचा फुगा फुटलेला असू शकतो, तो मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून बंद करतात.

वॉर्डमधून, स्टेंटबद्दल

खड्याइतक्याच तक्रारी डीजे स्टेंटच्या येतात, पण आधी कुणी नीट सांगत नाही. ही किडनीपासून मूत्राशयापर्यंतची 24-26 सेंमीची मऊ नळी, दोन्ही टोकांना वेटोळं. खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचतं, म्हणून सारखी लघवी लागते, चालल्यावर लालसर होते. लघवी करतानाच कमरेत कळ येते, कारण मूत्राशय आवळलं की लघवी नळीतून उलटी वर चढते. ही कळ म्हणजे दुसरा खडा नव्हे. टॅमसुलोसिनने फरक पडतो. ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर मात्र लगेच या.

काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर आहे का ते निघण्याआधी पाहा. साध्या दुर्बिणीनंतर एक-दोन आठवडे पुरतात. ‘आता त्रास नाही’ म्हणून विसरलेल्या स्टेंटवर काही महिन्यांत खडा चढतो, वेटोळं उलगडत नाही आणि नळी काढायला मूळ खड्याहून मोठं ऑपरेशन लागतं.

किडनी विभागातून

युरिक ॲसिडचा खडा हा एकच नेहमीचा खडा गोळ्यांनी खरोखर विरघळतो. पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) 6.5 ते 7 च्या आसपास ठेवायचा, घरी पट्टीने दिवसातून दोन-तीन वेळा तपासायचा. फार वर नेला तर कॅल्शियम फॉस्फेट जमतं. किडनी कमकुवत असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नये. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा यातून विरघळत नाही, विरघळवतो म्हणणाऱ्यापासून जपून.

पाणी ग्लासांत मोजू नका, लघवी मोजा: दिवसाला अडीच लिटर. दूध-दही बंद करणं उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून बाहेर नेतं, ते कमी झालं की ऑक्सलेट लघवीत वाढतं. कमी करायचं ते मीठ.

प्रयोगशाळेतून

पडलेला खडा दाखवून फेकून देतात. गाळणीत सापडला तर धुऊन, सुकवून कोरड्या डबीत आणा. फॉर्मेलिन नको, टेप चिकटवू नका.

खडे का होतात ते शोधायची 24 तासांच्या लघवीची तपासणी खडा काढल्यावर दीड महिन्याने, नेहमीचंच खाऊनपिऊन. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक बाटलीत, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिलीसुद्धा. एखाद्या वेळची बाहेर गेली तर तसं सांगा, आम्ही नवीन बाटली देऊ. पाणी घालून भरपाई करू नका, क्रिएटिनिनवरून ते कळतं.