मदत हवी आहे: 'अपेक्षित पगार किती?' याला काय उत्तर द्यायचं?

नमस्कार मंडळी. नोकरी बदलायच्या खटपटीत आहे आणि गाडी दर वेळी याच प्रश्नावर अडते.

ऑनलाइन अर्जात हा रकाना सक्तीचा असतो. 'चर्चेनंतर ठरवू' लिहिलं की लाल अक्षरांत 'फक्त आकडे भरा' येतं. शून्य टाकलेलं चालतं, की अर्ज तिथेच गाळला जातो?

फोनवर तर आणखी पंचाईत. कामाचं स्वरूप सांगायच्या आधीच एचआर आकडा विचारतात. 'या पदासाठी तुमचं बजेट काय?' असं उलट विचारणं उद्धटपणाचं वाटेल का? रेंज सांगितली तर समोरचा खालचाच आकडा धरणार. म्हणजे खालचा आकडाही आपल्याला खरंच परवडेल असाच सांगायचा ना? आणि तो पूर्ण पॅकेजचा की हातात येणारा? व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग, धरून की सोडून?

खरी अडचण वेगळीच आहे. माझा सध्याचा पगार बाजारभावापेक्षा बराच कमी आहे. त्यावरच टक्केवारीने वाढ दिली तर नव्या ठिकाणीही मी मागेच राहणार. सध्याचा आकडा सांगणं सभ्यपणे कसं टाळता? नेमकं वाक्य सांगा हो, 'आत्मविश्वासाने बोला' वगैरे यूट्यूबवर भरपूर ऐकून झालंय.

भरतीचं काम करणारं कुणी असेल तर प्लीज लिहा.