डोळ्यांतून पाणी वाहतं, तरी निदान 'कोरडे डोळे'?

कातरवेळ

वय ४१, रोज नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. आठ महिन्यांपासून डोळे चुरचुरतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखं खुपतं. वाचताना अक्षरं पुसट होतात, पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा नीट दिसतात. दुचाकीवर वारा लागला की घळाघळा पाणी.

तपासणीचे आकडे: शिर्मर उजवा १४ मिमी, डावा १६ मिमी. टीबीयूटी दोन्हीकडे ४ सेकंद. खाली 'एमजीडी' असा शेरा. सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, कृत्रिम अश्रूंचा एक प्रकार) ०.५ टक्के थेंब दिवसातून सहा वेळा, तीन महिने चालू आहेत. थेंब घातले की पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा जैसे थे.

इतकं पाणी येत असताना कोरडेपणा कसा? थेंब वाढवायचे की बदलायचे? 'गरम शेक द्या' एवढंच सांगितलंय. किती गरम, किती वेळ? आणि ओमेगा-३ च्या गोळ्यांचा उपयोग होतो का?

अर्धोन्मीलित

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. शिर्मरची कागदी पट्टी पाच मिनिटांत किती भिजली, यावरून अश्रूंचं पाणी किती तयार होतं ते कळतं. १० मिमीच्या वर असेल तर सहसा ठीक, ५ च्या खाली गेलं की काळजी. तुमचं पाणी पुरेसं आहे. टीबीयूटी म्हणजे पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंद अखंड राहतो ते. १० च्या खाली कमी धरतात, तुमचे ४ आहेत. म्हणजे पाणी आहे, ते टिकत नाही.

ते टिकवण्याचं काम तेलाचं. पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या किंचित मागे, मायबोमियन ग्रंथींची तोंडं ओळीने असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. प्रत्येक उघडझापीला त्यातून तेलाचा पातळ पापुद्रा अश्रूंवर पसरतो आणि बाष्पीभवन रोखतो. एमजीडी म्हणजे या ग्रंथींचा बिघाड: तेल घट्ट होतं, तोंडं बुजतात. थंडीत बाटलीत थिजलेलं खोबरेल तेल आठवा. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही.

वर तेल नाही म्हणून पाणी उडतं, पृष्ठभाग खारट होतो, नसा चिडतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला 'सोड पाणी' असा निरोप धाडतो. दुचाकीवरची धार ती हीच. हे पाणी पूर येऊन ओसरावं तसं गालावरून निघून जातं, थर काही दुरुस्त होत नाही. शिर्मर चांगला आला म्हणून 'कोरडेपणा नाही' असं म्हणणारे भेटतील, त्यांना टीबीयूटीचा आकडा दाखवा.

स्क्रीनचा संबंध उघडझापीशी. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा होणारी उघडझाप स्क्रीनसमोर निम्म्याहून खाली येते. त्यातही बऱ्याच अर्धवट असतात: वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. ती टेकल्याशिवाय ग्रंथी दाबली जात नाही, तेल बाहेर येत नाही.

शेकोटी

शेकाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो.

बिघडलेलं तेल वितळायला पापणीच्या आतल्या बाजूला सुमारे ४० अंश सेल्सिअस लागतात. म्हणून बाहेरून ४५ च्या आसपास उष्णता हवी आणि ती सलग ८ ते १० मिनिटं टिकायला हवी. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दीड-दोन मिनिटांत कोमट होतो. तो एकदा ठेवून दहा मिनिटं पडून राहणं म्हणजे नुसती विश्रांती. रुमालच वापरायचा तर दोन घ्या, दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा, जवळ थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा.

यापेक्षा सोपं म्हणजे सुती मोज्यात वाटीभर कोरडे तांदूळ भरून बांधलेली पुरचुंडी. मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद, हलवून पुन्हा १० सेकंद. तव्यावर गरम करायची असेल तर मंद आचेवर सतत उलटत राहा, नाहीतर एका जागी चटका बसेल इतकी तापते. डोळ्यावर ठेवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरा. तिथे सहन होत नसेल तर डोळ्यावर नकोच. तापमान धरून ठेवणारे विजेचे आय मास्कही मिळतात. आळशी माणसाला तेच बरे, कारण रोज होतं.

शेक झाल्यावर लगेच, तेल पातळ आहे तोवर, मालिश. हात धुवून डोळे मिटा. वरच्या पापणीवरून बोट वरून खाली, केसांच्या कडेपर्यंत. खालच्या पापणीवरून खालून वर. पाच-सहा वेळा, हलक्या दाबाने. दाब पापणीवर, बुबुळावर नाही. केराटोकोनस (बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) किंवा काचबिंदू असेल, किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मालिश डॉक्टरांना विचारूनच.

मग कडा पुसा. लिड वाइप्स मिळतात ते वापरा. पूर्वी बेबी शॅम्पू पातळ करून वापरायला सांगत, पण त्याने काहींचे डोळे जास्त चुरचुरतात. पापणीच्या केसांच्या मुळाशी नळीसारखी कोंड्याची पुंगळी दिसत असेल तर ते डेमोडेक्स या सूक्ष्म किडीचं लक्षण. त्यावर टी ट्री असलेले वाइप्स देतात. टी ट्री तेल नुसतं, पातळ न करता डोळ्यापाशी नेऊ नका, बुबुळ भाजतं.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, फरक पडल्यावर एकदा. चार ते सहा आठवड्यांच्या आत निकाल मागू नका.

मोजपट्टी

थेंबांबद्दल. तुमच्या बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं ते आधी वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराइड असेल आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालत असाल तर तो थेंबच पृष्ठभाग खरवडतोय. प्रिझर्व्हेटिव्हमुक्त घ्या. सीएमसीऐवजी सोडियम हायलुरोनेट (०.१ किंवा ०.१८ टक्के) किंवा तुमच्या बाबतीत जास्त योग्य म्हणजे तेलाचा अंश असलेले थेंब. वाढवून उपयोग नाही, प्रकार बदला. रात्री झोपताना जेल किंवा मलम. नजर धूसर होते म्हणून फक्त झोपतानाच.

एका वेळी एकच थेंब. डोळ्याच्या पिशवीत मावतं जेमतेम २५-३० मायक्रोलीटर आणि बाटलीतून पडणारा थेंब त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालावरच जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. उघडल्याची तारीख लिहून ठेवा, बहुतेक बाटल्या २८ दिवसांनी फेकायच्या असतात. २०२३ मध्ये अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे स्युडोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरला आणि काहींची दृष्टी गेली, तेव्हा हा सोवळेपणाचा बाऊ नाही.

ताकपिठं

ओमेगा-३ जरूर घ्या, जवस पण चालतं. सोबत रोज रात्री गुलाबपाणी. उष्णता कमी होते.

मोजपट्टी

गुलाबपाणी नको. ते निर्जंतुक नसतं, त्यात सुगंधी द्रव्यं असतात, आणि सुजलेल्या डोळ्याला ते झोंबतं. मध, एरंडेल, काजळ यांनाही तेच; काजळ तर नेमकं ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

ओमेगा-३: 'ड्रीम' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. एका गटाला रोज ३ ग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-३, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल, वर्षभर. दोन्ही गट सुधारले, फरक नगण्य. जवस चटणीत खा, चव छान लागते. पण त्याच्या भरवशावर शेक सोडू नका.

कातरवेळ

आभार. दोन उपप्रश्न. सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के लिहून दिलंय, घातल्यावर आग होते. बंद करू का? आणि मेडिकलवाल्याने लाली घालवणारे थेंब दिलेत, त्यांनी डोळे लगेच पांढरे होतात.

अर्धोन्मीलित

लालीचे थेंब आधी बंद. त्यात नॅफाझोलिनसारखं औषध असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, असर उतरला की डोळे आधीपेक्षा लाल होतात, आणि पुन्हा थेंब लागतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही असेल तर ते स्टेरॉइड. देखरेखीशिवाय चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. डॉक्टर ते दोन-तीन आठवडे मोजून देतात, ती गोष्ट वेगळी.

सायक्लोस्पोरिन स्वतःहून सोडू नका. ते दाह कमी करून हळूहळू काम करतं, लगेच ओल देत नाही, म्हणून परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आग बऱ्याच जणांना होते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. दहा मिनिटं आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घाला. सहनच होत नसेल तर आधी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड जोडीला देतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. शेकाने भागलं नाही तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्याही देतात: भरपूर पाण्यासोबत, घेऊन लगेच आडवं न होता, दूध-कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. गरोदरपणात नाही.

शेकोटी

चालू असलेल्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीसाठी सेटिरिझिन, झोपेसाठी किंवा अर्धशिशीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन; तिन्ही डोळे कोरडे करतात आणि शेवटचं तर ग्रंथीच आक्रसवतं. तोंडही कोरडं पडत असेल, कोरडी पोळी घोटभर पाण्याशिवाय गिळता येत नसेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन सिंड्रोमसाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू-लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्यात मात्र शिर्मर सहसा खाली येतो, तुमचा तसा नाही.

टेबलापाशी: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली आणा, पापणी आपोआप थोडी खाली राहते आणि उघडा भाग कमी होतो. एसीचा झोत तोंडावर नको. तासाला एकदा दहा वेळा पूर्ण उघडझाप: मिटा, दोन सेकंद थांबा, हलकेच आवळा, उघडा. दुचाकीवर बाजूने बंद असणारा चष्मा, हेल्मेटची काच खाली. सकाळी उठतानाच डोळे जास्त खुपत असतील तर झोपेत पापण्या पूर्ण मिटतात का ते घरच्या कुणाला टॉर्च न मारता बघायला सांगा. फट राहत असेल तर पंख्याची दिशा बदला, मलम घाला.

ठणका, उजेड सहन न होणं, पापण्या मिटून उघडल्यावरही न जाणारा धूसरपणा, बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. लेन्स वापरत असाल तर ती काढून, डबीसह घेऊन जा.