‘वरचं’ आणि ‘अंगावरचं’

पायवाट: मेळघाटात धारणीकडच्या अंगणवाड्यांसाठी पत्रक करतेय. पहिले 6 महिने निव्वळ स्तनपान, एवढाच मुद्दा. मी लिहिलं, ‘अंगावरचं पाजा, वरचं काही देऊ नका.’ वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाली, “वरचं नाही देलं न बाई, निरं पाणीच पाजलं.” म्हणजे पाणी वरच्यात धरतच नाहीत! दुसरी म्हणे, अंगावरचं पाजा अन् वरचं नको, हे कसं काय? शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: ‘स्तन्य’ आहे की. आपण चांगले शब्द टाकून देतो. चीक म्हणत बसतो, अमरकोशात पाहा: पीयूषोऽभिनवं पयः, म्हणजे नवं दूध ते पीयूष.

चुलीपाशी: दादा, पीयूष दादरला ग्लासात मिळतं! चीकच बरा. माझ्या आजेसासूबाईंनी माझा चीक ‘बाळाला जड पडतो’ म्हणून पिळून टाकायला लावला. त्याच आठवड्यात गाय व्याली, तिच्या चिकाचा खरवस मात्र आळीभर वाटला.

आडनिडा: आणि बाळाला मध चाटवला असेल. ‘मधाचं बोट लावणे’ त्यावरूनच आलं, माझी खात्री आहे.

शब्दवेल्हाळ: खात्री म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

दंडफीत: ‘वरचं नको’ याची दुसरी बाजूही बघा. ते इतकं पक्कं बसतं की सहा महिने उलटले तरी पोर नुसतं अंगावर. उष्टावणाला खीर चाटवली, की वाटी परत फडताळात. मग दंडाची फीत 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे सॅम (इंग्रजी आद्याक्षरं, अर्थ तीव्र कुपोषण; मॅम म्हणजे मध्यम). हा शब्द आता आयाच वापरतात, “माझा सॅममधून मॅममधे आला.”

शब्दवेल्हाळ: ‘तीव्र कुपोषित’ म्हणायला जीभ अडखळते का?

दंडफीत: आईसमोर म्हणून बघा एकदा.

चुलीपाशी: कुपोषणाच्या आजाराचं नाव क्वाशिऑर्कर, ते तरी कुठे इंग्रजी? घानातल्या गा भाषेतला शब्द. पाठचं बाळ आलं की आधीच्याला जडणारं दुखणं. डॉक्टर सिसिली विल्यम्स बाईंनी तो 1935 साली वैद्यकीय नियतकालिकात नेला, भाषांतर न करता.

पायवाट: पाण्याचं काय करू? आजीचंच ‘निरं’, म्हणजे नुसतं, उचलू? ‘निरं अंगावरचं, पाण्याचा थेंबही नको.’

आडनिडा: निरं म्हटलं की पुण्यात निरसं दूध समजतील.

पायवाट: पत्रक पुण्यासाठी नाहीये हो.

शब्दवेल्हाळ: ‘निरा’ मोल्सवर्थच्या कोशात बघावा लागेल. आणि ताई, तो चीक की ते चीक? कोकणात मी दोन्ही ऐकलंय.

चुलीपाशी: तो. खरवसात गूळच घालता ना?