व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आधी कुठला जॉब लावायचा? सगळ्यांचाच माल लेट जातोय

भोसरीकर_४११०२६:
भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी, सगळं जॉबवर्क. फोनवर जो जास्त ओरडतो त्याचा जॉब आधी लागतो, त्यासाठी चालू सेटिंग मोडायचं, दुसरं लावायचं, परत पहिलं, आणि शेवटी सगळेच बोंबलतात. एक्सेलमध्ये काय फॉर्म्युला आहे का कुणाकडे?

शॉपफ्लोअर_भाऊ:
एक्सेल नंतर बघा, आधी सेटिंग मोडणं थांबवा. व्हाइस काढा, फिक्स्चर लावा, डायल मारा, पहिला पीस क्यूसीतून (तपासणीतून) पास करा, अर्धी शिफ्ट त्यातच जाते आणि तेवढा वेळ मशीन काहीच कमवत नाही. जॉब ड्यू डेटप्रमाणे (माल द्यायच्या तारखेप्रमाणे) लावा. एकच मशीन आणि मटेरियल हातात असेल तर सगळ्यात जास्त लेट होणारा जॉब कमीत कमी लेट होतो, जॅक्सनने १९५५ सालीच दाखवलंय हे.

गणितवाला:
बरोबर, पण लेट जॉबची *संख्या* कमी करायची तर मूरची पद्धत (१९६८). समजा जॉब ४, २, ३, ३ दिवसांचे आणि ड्यू ५, ६, ८, ९ व्या दिवशी. ड्यू डेटने लावले तर ४, ६, ९, १२ ला संपतात, म्हणजे शेवटचे दोन लेट. आता तिसरा लेट दिसला की तिथपर्यंतचा सगळ्यात मोठा म्हणजे ४ दिवसवाला उचलून शेवटी टाका. बाकीचे २, ५, ८ ला संपतात, तिघंही वेळेत. लेट फक्त एक, आणि त्या पार्टीला आजच फोन करून सांगता येतं.

भोसरीकर_४११०२६:
भारी आहे, पण तो ४ दिवसवालाच माझा मोठा कस्टमर असतो हो, त्याला आठवडाभर लेट दिला तर पुढची पीओ (ऑर्डर) विसरा.

गणितवाला:
मग त्याला हात लावू नका, उरलेल्यांतला मोठा मागे टाका. वरच्या आकड्यांत ८ व्या दिवशी ड्यू असलेला ३ दिवसवाला मागे गेला तरी ४, ६, ९ होतं, लेट एकच.

ताई_प्लॅनिंग:
आणि पार्टीला तारीख देताना हीट ट्रीटमेंट, प्लेटिंगचे दिवस धरता का? आमच्याकडे मशीनिंग वेळेत व्हायचं आणि माल प्लेटिंगवाल्याकडे पडून असायचा. त्यात गुरुवारची सुट्टी कुणी मोजतच नाही. बाहेर जाणारे जॉब त्या हिशोबाने मशीनवर आधी चढवा.

भोसरीकर_४११०२६:
गुरुवार खरंच धरत नाही 😅 उद्या सगळ्या पीओच्या तारखा बोर्डावर लिहून काढतो.