ऑप्टिक न्यूरायटिस (नजरेच्या नसेचा दाह): ३ टेस्ला एमआरआयवर एडीसी दोन्ही डोळ्यांत सारखाच का येतो?

रेडिओ_रेसिडेंट
मेंदूचाच डीटीआय (पाणी कोणत्या दिशेला किती पसरतं ते मोजणारा एमआरआय) प्रोटोकॉल ऑप्टिक नर्व्हसाठी लावला: ॲक्सियल (आडव्या) स्लाइस, २ मिमी व्हॉक्सेल (चित्राचा सर्वात छोटा घन तुकडा), बी १००० (डिफ्यूजन ग्रेडियंटचा जोर). रुग्णाला एमएसचा (मल्टिपल स्क्लेरोसिस) संशय, उजवी नजर आठवड्यापूर्वी गेलेली, टी२ फॅट-सॅटवर (चरबीचा सिग्नल दाबलेलं चित्र) उजवी नर्व्ह स्पष्ट उजळ. तरी एडीसी (पाणी किती मोकळं पसरतं त्याचा आकडा) दोन्हीकडे १.६ × १०⁻³ चौ. मिमी/से. च्या आसपास, आणि ऑर्बिटच्या (डोळ्याच्या खोबणीच्या) टोकाशी नर्व्ह वाकडी दिसते. काय चुकतंय?

ग्रेडियंटवाला
१.६ हा नर्व्हचा आकडाच नाही, ती नर्व्ह आणि सीएसएफची (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं द्रव) भेसळ आहे. नर्व्हची जाडी ३-४ मिमी, तिच्याभोवती आवरणात सीएसएफ, त्याबाहेर चरबी. २ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये निव्वळ नर्व्ह क्वचितच सापडते. सीएसएफचा एडीसी ३ च्या घरात, त्यामुळे जरासा मिसळला तरी एडीसी वर जातो, एफए (पाणी एकाच दिशेला किती पसरतं त्याचं माप) खाली येतो आणि डावं-उजवं त्यातच बुडतं.

ॲक्सियल सोडा, कोरोनल (समोरून उभे) घ्या. रिड्यूस्ड एफओव्ही (फक्त छोटा भाग टिपणारी पद्धत) असेल तर तोच वापरा. इन-प्लेन १ ते १.३ मिमी, स्लाइस ३ मिमी. दोन्ही नर्व्ह मध्यरेषेपासून २०-२५ अंश बाहेर झुकतात, म्हणून सरळ कोरोनलमध्ये एका स्लाइसमध्येच नर्व्ह मिलिमीटरभर बाजूला सरकते. शक्य असेल तर प्रत्येक नर्व्हला काटकोनात स्लाइसचा वेगळा स्टॅक लावा. बी ६०० पुरे. १००० ला एवढ्या छोट्या व्हॉक्सेलमध्ये सिग्नल नॉइजच्या पातळीवर टेकतो आणि एडीसी खोटा कमी दिसतो.

चरबीचं विसरू नका. ३ टेस्लाला पाणी आणि चरबीत सुमारे ४४० हर्ट्झचं अंतर. फेज दिशेला पिक्सेलमागे २० हर्ट्झ बँडविड्थ असेल तर चरबी २२ पिक्सेल सरकून थेट नर्व्हवर येऊन बसते. फॅट सप्रेशन कच्चं असेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

वाकडेपणा स्फीनॉइड आणि एथमॉइड सायनसमधल्या हवेचा. उलट फेज दिशेची बी-शून्य (डिफ्यूजन ग्रेडियंटशिवायचं चित्र) घेऊन टॉपअप (वाकडेपणा सरळ करणारं सॉफ्टवेअर) चालवा. ऑप्टिक कॅनॉलमधला (हाडाच्या बोगद्यातला) भाग तरीही भरवशाचा नसतो, तो मोजू नका. काजळ-मस्कारा आधी पुसायला सांगा, त्यात लोहाचं ऑक्साइड असू शकतं, त्यानेही चित्र बिघडतं.

व्हॉक्सेल_मोजणारा
वरच्यात भर. डोळा हलला की नर्व्ह हलते, डोकं स्थिर असलं तरी. त्यामुळे पूर्ण मेंदूवर चालणारं मोशन करेक्शन इथे कामाचं नाही. नर्व्हभोवतीचा भाग कापून प्रत्येक रिपीट (पुन्हा घेतलेलं चित्र) वेगळं जुळवा, मगच सरासरी. रुग्णाला आरशातून एका बिंदूकडे बघायला सांगा, दर दीड-दोन मिनिटांनी पापण्या मिटायला सवड द्या.

आरओआय (मोजायचा भाग) हाताने, मधल्या ३-४ व्हॉक्सेलवर, ग्लोबच्या (डोळ्याच्या गोळ्याच्या) मागे काही मिमी सोडून. एफएचा उंबरठा लावून नर्व्ह निवडू नका: आजारी भागाचा एफए आधीच पडलेला असतो, मग नेमका तोच गळतो.

न्यूरो_ओपीडी
अहवालात लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहिली नाही तर आकड्याला अर्थ नाही. तीव्र अवस्थेत ॲक्सियल डिफ्युझिव्हिटी (नर्व्हच्या लांबीच्या दिशेने पाण्याचं पसरणं) घटते, एडीसीही कमी दिसू शकतो. पुढे काही महिन्यांत मायलिन (तंतूंचं आवरण) आणि ॲक्सॉन (तंतू) गेल्यावर रेडियल डिफ्युझिव्हिटी (त्याला आडव्या दिशेने पसरणं) आणि एडीसी वाढतात. मधल्या काळात खालून वर येताना आकडा नॉर्मलवरून जातो, आणि तोच दिवस स्कॅनचा निघाला तर फरक दिसणारच नाही.

डिफ्यूजनवर उजळ म्हणजे न्यूरायटिसच, असंही नाही. इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपॅथीतही तसंच दिसतं. एक्यूपी४ की मॉग (आजारामागची अँटिबॉडी कोणती), हेही त्यावरून ठरत नाही. नर्व्हचा किती लांब भाग, कायाझ्म (दोन्ही नर्व्ह एकत्र येतात ती जागा) गुंतलाय का, आवरण एन्हान्स होतंय (कॉन्ट्रास्टने उजळतंय) का, हे पोस्ट-गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या) फॅट-सॅट टी१ वर बघा. २०२२ च्या ऑप्टिक न्यूरायटिस निकषांत एमआरआयसाठी नर्व्ह आणि आवरणाचं एन्हान्समेंट किंवा नर्व्हचा उजळपणा आहे, सोबत ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा प्रकाशाने घेतलेला स्कॅन). डीटीआयचे आकडे त्यात नाहीत. उपचार त्यासाठी अडवू नका.

रेडिओ_रेसिडेंट
सीएसएफ दाबायला इन्व्हर्जन (ठराविक सिग्नल पुसणारी पल्स) लावू का?

ग्रेडियंटवाला
लावा, पण टीआर (दोन पल्समधला वेळ) लांबतो, सिग्नल घटतो, म्हणून रिपीट वाढवावे लागतात आणि तेवढ्यात डोळा हलतो. आधी व्हॉक्सेल लहान करून बघा. नॉर्मल डोळ्याचा एडीसी खाली उतरला नाही तरच इन्व्हर्जन.